कागद धावतो, काम का थांबते?

चकल्या करावयास बसलेले घर जरा बारकाईने पाहावे. भाजणी गिरणीतून दळून आलेली असते. कुणी ती मोहन घालून भिजवते, कुणी मळते, कुणी सोऱ्यात भरून चकल्या पाडते, कुणी तळते, आणि घरातील सर्वांत विश्वासू माणूस त्या मोजून डब्यात भरतो. आता समजा, हौशी चिरंजीवांनी विजेवर चालणारा सोऱ्या आणला. पाच मिनिटांत पन्नास चकल्या पडू लागल्या. सर्वांना मोठी मौज वाटली. पण कढई जुनीच. तिच्यात एका वेळी आठच चकल्या मावतात. बाकीच्या कागदावर पडल्या पडल्या सुकल्या आणि उचलताना तुटू लागल्या. तळणाऱ्या वहिनींची त्रेधा उडाली. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या आजी म्हणाल्या, "अरे, सोऱ्या पळवून काय होणार? अडलंय ते कढईपाशी!"

आजींच्या या एका वाक्यात जो भेद आहे, त्याच भेदावर आज जगभरच्या संगणक कंपन्या दोन निरनिराळ्या प्रकारचा माल विकतात. एकाचे नाव 'वर्कफ्लो ऑटोमेशन', दुसऱ्याचे 'बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट', म्हणजे लोक ज्याला थोडक्यात 'बीपीएम' म्हणतात ते. आपल्या घरातला किंवा शेजारचा एखादा मुलगा, एखादी मुलगी हिंजवडीस नाहीतर ऐरोलीस कामाला असेल, तर हे शब्द आपल्या कानांवरून गेले असतीलच. "म्हणजे तू नक्की करतेस तरी काय?" या प्रश्नाला "प्रोसेस ऑटोमेट करते" असे उत्तर मिळाले, की वडीलमंडळी समजल्यासारखी मान डोलावतात आणि विषय बदलतात. वास्तविक हा विषय वडीलमंडळींच्याच अधिक जिव्हाळ्याचा आहे. आपले निवृत्तिवेतन, विम्याचा दावा, घरकर्ज, नातवाचा पासपोर्ट, हे सारे आता याच यंत्रांच्या हाती आहे. तेव्हा ही यंत्रे काय करतात आणि काय करीत नाहीत, हे एकदा नीट समजून घेणे बरे.

दोन नावे, दोन प्रश्न

वर्कफ्लो ऑटोमेशनचे तत्त्व अगदी सोपे आहे: अमुक घडले की तमुक करावे. ग्राहकाने अर्ज भरला, की त्याचे नाव आपोआप यादीत चढावे. यादीत चढले, की त्याला पोच जावी. पैसे जमा झाले, की पावती निघावी. पूर्वी हे काम कारकून करीत असे. आवक बारनिशीत नोंद घ्यायची, नस्ती पुढच्या टेबलावर सरकवायची, जावक क्रमांक टाकायचा. ते सरकवणे आता यंत्र करते, आणि कारकुनाला चहाची सुट्टी असली तरी करते.

बीपीएमचा प्रश्न निराळा. ते विचारते, की हा कागद या टेबलावर मुळात जातोच कशाला? पाच जणांनी सही करायची ती कशासाठी? त्यांतला एक रजेवर गेला तर काय? कागद तीन दिवस पडून राहिला तर कुणाला कळले पाहिजे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अर्जदाराने अर्ज दिल्यापासून त्याच्या हाती काम पडेपर्यंत या सबंध वाटेचा धनी कोण?

गृहनिर्माण संस्थेचे उदाहरण घ्या. छतातून गळते आहे. पूर्वी सचिवांना चिठ्ठी द्यावी लागे, ती हरवे. आता मोबाइलवर तक्रार नोंदवताच एका क्षणात तक्रार क्रमांक मिळतो. ही झाली वर्कफ्लोची करामत, आणि ती काही लहान नव्हे, कारण चिठ्ठी हरवत नाही. पण खर्चाला मंजुरी देणारी समिती महिन्यातून एकदाच बसत असेल, तर तक्रार एका क्षणात पोचूनही गळती महिनाभर चालूच राहते. अमुक रकमेपर्यंतचा खर्च सचिवांनी समितीची वाट न पाहता करावा, असा ठराव झाला, तर गळती दोन दिवसांत थांबेल. हा ठराव म्हणजे कार्यपद्धतीत केलेला बदल. त्याला संगणक लागत नाही, विचार लागतो. तो विचार झाल्यावर संगणक जोडला, तर सोन्याहून पिवळे.

सहा दिवसांचा प्रवास, दीड तासाचे काम

हा विचार ज्या माणसाने उद्योगजगताच्या डोक्यात भरविला, त्याचे नाव मायकेल हॅमर. अमेरिकेतल्या एमआयटी या विख्यात संस्थेत ते संगणकशास्त्राचे प्राध्यापक होते. १९९० साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' या नियतकालिकात त्यांनी एक लेख लिहिला. कामाला नुसती यंत्रे जोडू नका, निरुपयोगी काम पुसूनच टाका, असा त्याचा मथितार्थ होता. पुढे १९९३ साली जेम्स चॅम्पी यांच्यासह त्यांनी या विषयावर ग्रंथच लिहिला. त्यात आयबीएम क्रेडिट या कंपनीची जी हकीकत आहे, ती ऐकण्याजोगी आहे.

आयबीएमचे संगणक विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकांना कर्ज देणे, हा या कंपनीचा धंदा. विक्रेता दूरध्वनी करून गिऱ्हाइकाची मागणी सांगे, ती एका कागदावर टिपली जाई. मग तो कागद वरच्या मजल्यावर पत तपासणाऱ्या विभागाकडे जाई. तेथून कराराच्या अटी ठरवणाऱ्यांकडे, तेथून व्याजाचा दर काढणाऱ्याकडे, आणि शेवटी पत्र तयार करणाऱ्या कारकुनांकडे. या प्रवासाला सरासरी सहा दिवस लागत, कधी कधी दोन आठवडे. तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे जाई. "माझा कागद कुठे अडकलाय?" असे विक्रेते विचारत, पण उत्तर कुणालाच देता येत नसे.

कंपनीने पहिला उपाय योजला तो आपल्या ओळखीचाच आहे. एक नियंत्रण-टेबल उभे केले. प्रत्येक विभागाने आपले काम झाले, की कागद त्या टेबलाकडे परत पाठवायचा, तेथे नोंद व्हायची आणि मग तो पुढच्या विभागाकडे जायचा. आता कागद कुठे आहे हे सांगता येऊ लागले. फक्त सहा दिवसांऐवजी त्याहूनही अधिक वेळ लागू लागला!

अखेरीस दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी एक अर्ज हातात घेतला आणि स्वतः पायी चालत प्रत्येक विभागात गेले. "हातातले काम बाजूला ठेवा आणि हा अर्ज आत्ता, आमच्यासमोर करा," असे ते प्रत्येकाला सांगत. पाचही टप्पे मिळून प्रत्यक्ष काम भरले नव्वद मिनिटांचे! बाकीचे सहा दिवस तो कागद कुणाच्या तरी टेबलावर नुसता पडून असे.

मग त्या चार तज्ज्ञांच्या जागी एकच सर्वसाधारण माहितगार माणूस नेमला. त्याच्या हाताशी संगणक दिला आणि अवघड प्रकरण आले तरच तज्ज्ञाला विचारायचे ठरले. सहा दिवसांचे काम चार तासांवर आले. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट ही, की त्या प्रत्येक विभागाला जलद यंत्र दिले असते आणि प्रत्येकाचे काम निम्म्या वेळात झाले असते, तरी सहा दिवसांतली पाऊण तासाचीच बचत झाली असती.

हॅमर यांनी फोर्ड मोटार कंपनीचेही उदाहरण दिले आहे. पुरवठादारांची बिले चुकती करणाऱ्या तिच्या उत्तर अमेरिकेतील विभागात पाचशेहून अधिक माणसे होती. संगणक आणून वीस टक्के माणसे कमी करता येतील, असा हिशेब चालला होता. तेवढ्यात त्यांनी जपानच्या माझ्दा कंपनीकडे पाहिले. माझ्दा लहान कंपनी खरी, पण तेथे हे काम अवघी पाच माणसे करीत! फोर्डने मग बिलांची जुळवाजुळव करण्याची पद्धतच मोडीत काढली. पूर्वी बिल आल्यावर पैसे देत. आता मागवलेला माल धक्क्यावर आला आणि मागणीशी जुळला, की पैसे द्यायचे, बिलाची गरजच नाही. माणसांची गरज वीस नव्हे, पंचाहत्तर टक्क्यांनी कमी झाली. त्या माणसांच्या पोटापाण्याचा प्रश्न मोठा होता, हे विसरून चालणार नाही. हॅमर यांच्या विचारावर पुढे जी टीका झाली, ती बरीचशी याच कारणाने झाली. परंतु बिल जुळविण्यात तीन कागद आणि चौदा रकाने पाहण्याचे ते काम कुणाच्याच हिताचे नव्हते, हेही तितकेच खरे.

बाजारात काय मिळते?

आता या दोन प्रकारच्या मालाकडे वळू. पहिल्या प्रकारात झेपियर, मेक, एन-एट-एन, मायक्रोसॉफ्टचे पॉवर ऑटोमेट, आणि आपल्या चेन्नईच्या झोहो कंपनीचे झोहो फ्लो ही नावे येतात. झेपियरची सुरुवात २०११ सालची. मायक्रोसॉफ्टचे साधन २०१६ साली 'फ्लो' या नावाने आले आणि २०१९ साली त्याचे नाव बदलले. या साधनांचा गुण असा, की संगणकशास्त्र न शिकलेला माणूसही ती वापरू शकतो. एका कार्यक्रमातली घडामोड दुसऱ्या कार्यक्रमाला कळवणारी साखळी जोडली, की झाले. संध्याकाळी बसावे आणि रात्री जेवणापूर्वी काम चालू व्हावे, इतके ते सुटसुटीत आहे.

दोष असा, की या साखळ्या तणासारख्या वाढतात. कार्यालयातल्या एका हुशार मुलाने वीस साखळ्या जोडलेल्या असतात. तो दुसरीकडे नोकरीला लागतो, त्याचे खाते बंद होते, आणि एके दिवशी पावत्या जाणे थांबते. का थांबले हे कुणालाच ठाऊक नसते. शिवाय कित्येक कंपन्या प्रत्येक पार पडलेल्या कामागणिक मोजदाद करतात. गिऱ्हाईक वाढले, की आकारणीही वाढते. हा हिशेब आधी करावा.

दुसऱ्या प्रकारात पेगासिस्टीम्स, ॲपियन, कॅमुंडा ही नावे ठळक. पेगासिस्टीम्स ही अमेरिकेतली कंपनी १९८३ सालची, ॲपियन १९९९ सालची, तर कॅमुंडाचे माहेर बर्लिन. यांची गिऱ्हाइके म्हणजे बँका, विमा कंपन्या, रुग्णालये, सरकारे. येथे काम सुरू होते ते चित्रापासून. त्या चित्राची एक ठरलेली लिपी आहे. बारीक रेघेचे वर्तुळ म्हणजे आरंभ, जाड रेघेचे वर्तुळ म्हणजे शेवट, गोलसर कोपऱ्यांचा चौकोन म्हणजे काम, आणि पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण म्हणजे निर्णयाचा फाटा. प्रत्येक विभागाचा एक पट्टा असतो, पोहण्याच्या तलावातल्या पट्ट्यांसारखा. कागद एका पट्ट्यातून दुसऱ्यात कधी जातो, हे चित्र पाहताच कळते. या लिपीला बीपीएमएन म्हणतात. तिची दुसरी आवृत्ती २०११ साली आली आणि २०१३ साली ती आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली.

या लिपीची खुबी दोन गोष्टींत आहे. एक, कामाच्या चौकोनाला घड्याळ लावता येते. तीन दिवसांत काम झाले नाही, तर प्रकरण आपोआप वरिष्ठाकडे जावे, असे चित्रातच लिहिता येते. दुसरी, केलेले काम उलटवायचे कसे, हेही लिहिता येते. घेतलेले पैसे परत कसे जातील, ते आधीच ठरते. आणि चित्र तयार झाले, की यंत्र तेच चित्र वाचून काम चालवते. पुढे कुणी विचारले, की हा दावा कोणी नाकारला आणि का, तर उत्तर सापडते.

याचाही दोष सांगावयास हवा. हे प्रकरण खर्चिक आणि वेळखाऊ असते. सल्लागार येतात, महिने जातात, भिंतभर चित्र तयार होते आणि ते कुणी वाचत नाही. दहा माणसांच्या दुकानाला असे साधन म्हणजे पोहे करायला लग्नाचा आचारी बोलावण्यासारखे. अलीकडे या दोन प्रकारांमधली सीमाही पुसट होत आहे. लहान साधनांत मंजुऱ्या घेण्याची सोय आली आहे, मोठ्या साधनांत लहान साखळ्या आल्या आहेत. तरीही प्रश्न दोनच राहतात, आणि कोणता प्रश्न आपल्याला पडला आहे, त्यावर निवड ठरते.

आपल्या दारची दोन उदाहरणे

पासपोर्टचे उदाहरण बहुतेक कुटुंबांच्या अनुभवातले असेल. परराष्ट्र मंत्रालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या सहकार्याने पासपोर्ट सेवा प्रकल्प उभारला. २०१० साली बंगळुरू व चंदीगड येथे त्याचा आरंभ झाला आणि २०१२ सालापर्यंत देशभर ७७ केंद्रे उघडली. केंद्रात ए, बी आणि सी अशा तीन प्रकारच्या खिडक्या असतात. ए खिडकीवर कंपनीचे कर्मचारी छायाचित्र, बोटांचे ठसे घेतात आणि कागदपत्रे संगणकात चढवतात. बी आणि सी खिडक्यांवर मात्र सरकारी अधिकारीच बसतात. एक कागद तपासतो, दुसरा निर्णय देतो. यंत्राने आणि कंपनीने काय करावे, आणि सरकारने स्वतःच्या हाती काय ठेवावे, ही रेघ येथे आधी विचार करून ओढलेली दिसते.

याच कामात पोलीस चौकशीचा टप्पा आहे. पोलिसांच्या हाती चौकशीसाठी मोबाइलवरचा कार्यक्रम देणे, हे वर्कफ्लोचे काम. त्याने चौकशी जलद होते. परंतु काही प्रकारच्या अर्जांत पासपोर्ट आधी द्यावा आणि चौकशी नंतर करावी, आणि पासपोर्ट पुन्हा काढताना काही प्रकरणी ती करूच नये, हे ठरवणे म्हणजे कार्यपद्धतीचा विचार. नागरिकाचे दिवस खऱ्या अर्थाने वाचतात, ते या दुसऱ्या निर्णयाने.

दुसरे उदाहरण तर दिवाळीच्याच सुमाराचे. नोव्हेंबर आला, की निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ सालच्या नोव्हेंबरात 'जीवन प्रमाण' ही योजना आली आणि आधार क्रमांक व बोटाचा ठसा यांवर हा दाखला संगणकातून देता येऊ लागला. पण वयोमानाने बोटांच्या रेघा पुसट होतात, ठसा उमटत नाही. २०२० साली पोस्टमनने घरी येऊन दाखला करून देण्याची सोय झाली आणि २०२१ सालापासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो देता येतो. केंद्र सरकारच्या ऐंशी वर्षांवरील निवृत्तांना तर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देण्याची मुभा आहे. या सुधारणा चांगल्याच आहेत. बँकेच्या जिन्यावर दम लागणारे आजोबा घरबसल्या मोकळे होतात.

तरीही बीपीएमवाला येथे एक खोचक प्रश्न विचारील. जिवंत माणसाने दरवर्षी 'मी आहे' असे सांगावे, की मृत्यूची नोंद जेथे होते, त्या कार्यालयाने 'ते गेले' असे एकदाच कळवावे? १९६९ सालच्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली दुरुस्ती होऊन राष्ट्रीय पातळीवर नोंदींचा साठा ठेवण्याची तरतूद झाली आहे, तेव्हा हा प्रश्न निव्वळ कल्पनेतला राहिलेला नाही. पण उत्तर देताना घाई करू नये. नोंदीत चूक झाली आणि हयात माणसाचे वेतन बंद पडले, तर? त्याने कोणाचे दार ठोठवावे? या प्रश्नाचे उत्तर चित्रात आधी नसेल, तर वेग हे वरदान राहत नाही. त्याचा धडा एका दूरच्या देशाने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे.

वेग जेव्हा बाधतो

ऑस्ट्रेलियात बेकारी भत्ता किंवा विद्यार्थी भत्ता घेणाऱ्याला दर पंधरवड्याला आपली कमाई कळवावी लागे. कुणी कमी सांगून जास्त भत्ता घेतला आहे काय, हे पूर्वी सरकारी कर्मचारी तपासत. शंका आली, तर ते मालकाकडून पगाराचा तपशील मागवत. २०१५ सालापासून सरकारने हे काम यंत्राकडे देण्यास आरंभ केला आणि २०१६ साली ते सर्वत्र लागू केले. लोक त्याला 'रोबोडेट' म्हणू लागले. म्हणजे यंत्राने काढलेले कर्ज.

यंत्र काय करी? प्राप्तिकर खात्याकडून माणसाची वर्षाची कमाई घेई आणि तिला २६ पंधरवड्यांनी भागी. समजा, एका मुलाने सहा महिने नोकरी करून २६,००० डॉलर मिळवले आणि उरलेले सहा महिने तो बेकार होता. त्या काळात त्याने भत्ता घेतला, आणि तो कायदेशीरच होता. परंतु यंत्राच्या हिशेबी त्याची कमाई दर पंधरवड्याला १,००० डॉलर, बेकारीच्या पंधरवड्यांतसुद्धा! म्हणून भत्ता चुकीचा ठरला आणि वसुलीचे पत्र निघाले. आपण निर्दोष आहोत हे त्या मुलानेच कित्येक वर्षांपूर्वीच्या पगारपत्रकांनिशी सिद्ध करायचे. सुरुवातीच्या पत्रांवर तर मदतीसाठीच्या खास दूरध्वनीचा क्रमांकही छापलेला नव्हता.

वर्कफ्लोच्या दृष्टीने पाहिले, तर हे यंत्र उत्तम चालले होते. कागद धावत होते, पत्रे वेळेवर निघत होती. सबंध वाटेत एकच चौकोन गाळला होता: माणसाने थांबून तपासण्याचा. २०१९ साली सरकारला न्यायालयात मान्य करावे लागले, की अशा सरासरीवर वसुली करणे कायद्याला धरून नाही. २०२० साली सुमारे ४,७०,००० कर्जांपोटी घेतलेले ७२ कोटी १० लाख डॉलर परत करण्याचे जाहीर झाले. २०२२ साली चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमले गेले आणि जुलै २०२३ मध्ये त्याचा अहवाल आला. वसुलीच्या या तगाद्याच्या काळात ज्यांच्या मुलांनी आपले जीवन संपवले, अशा मातांनीही त्या आयोगापुढे साक्ष दिली. ती वाचल्यावर संगणकाच्या वेगाचे कौतुक करणाऱ्याची जीभ जरा अडखळते.

यंत्र येथे दुष्ट नव्हते. ते सांगितले तेच करीत होते. जुन्या कचेरीत एखाद्या कारकुनाची चूक झाली, तर ती दहा घरांत जाई आणि अकरावा माणूस भांडून ती थांबवी. यंत्राची चूक एका रात्रीत हजारो घरांत जाते, आणि भांडायला समोर कुणी नसते.

मग घ्यावे कोणते?

ज्यांना असे साधन घ्यावयाचे आहे, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी.

समजा, डोंबिवलीच्या एका काकूंचा फराळाचा व्यवसाय आहे. मागणी मोबाइलवर येते, पैसे यूपीआयने येतात, डबे कुरिअरने जातात. मागणी आली की यादीत चढावी, पैसे मिळाले की पोच जावी, डबा निघाला की ग्राहकास कळावे, एवढेच त्यांना हवे. त्यांना पहिल्या प्रकारचे लहान साधन पुरेसे आहे. मात्र कोणत्या साखळ्या जोडल्या आहेत, याची यादी त्यांनी एका वहीत लिहून ठेवावी आणि खाते भाच्याच्या नव्हे, स्वतःच्या नावाने उघडावे.

उलट एखादी सहकारी बँक घ्या. कर्जाचे प्रकरण आठवडेच्या आठवडे चालते, चार विभागांतून जाते, दर दहा प्रकरणांत दोन आडवळणाची निघतात, आणि निर्णय कोणी घेतला हे तपासनिसास सांगावे लागते. तेथे दुसऱ्या प्रकारचा विचार केल्यावाचून गत्यंतर नाही. प्रकरण किती दिवस जगते, किती हातांतून जाते, नेहमीची वाट किती वेळा सोडावी लागते आणि जाब कोणाला द्यावा लागतो, या चार प्रश्नांची उत्तरे लिहून काढली, की निवड बहुधा आपोआप होते.

आणि साधन कोणतेही असो, ते विकत घेण्यापूर्वी आयबीएमच्या त्या दोघा अधिकाऱ्यांप्रमाणे एक अर्ज हातात घेऊन त्याच्या वाटेने स्वतः चालत जावे. त्याला पैसे पडत नाहीत.

ज्यांना साधन घ्यावयाचे नाही, पण ज्यांचा अर्ज त्यातून जाणार आहे, म्हणजे आपण सर्व, त्यांच्यासाठीही एक गोष्ट आहे. २०१५ सालच्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेला एक पदनिर्देशित अधिकारी असतो आणि ठरलेली मुदत असते. मुदतीत काम झाले नाही, तर पहिले अपील, मग दुसरे अपील आणि त्यानंतर आयोग. नीट पाहिले, तर बीपीएमच्या चित्रातल्या सर्व खुणा या कायद्यात आहेत. वाटेचा धनी आहे, घड्याळ आहे आणि वर जाण्याची पायरीही आहे. सेवांची यादी, मुदत आणि अधिकाऱ्याचे पद कार्यालयात फलकावर लावलेले असावयास हवे. तो फलक वाचण्याची सवय मुलांनाही लावावी.

पुढच्या वेळी कुणी आपणांस तक्रार क्रमांक देईल, तेव्हा त्याचे आभार मानावेत आणि शांतपणे विचारावे, "हा क्रमांक आता कोणाच्या टेबलावर आहे?" नाव किंवा पद सांगितले, तर काम होईल असे समजण्यास हरकत नाही. "सिस्टीममध्ये आहे" असे उत्तर आले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन तोच प्रश्न विचारावा.